पिस्तूल घ्यायच्या आधी ते एकदा चालवून बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की गोव्यात ज्यांच्याकडे पिस्तुलाचं लायसन्स आहे ते बहुतेक जण कमरेला मिरवायला घेतात, त्यांना ते नीट धरताही येत नाही. वाचून राग नाही आला, वाईट वाटलं, कारण त्यातलं दुसरं वाक्य खरं आहे. धरता येत नाही. मलाही येत नव्हतं, आता थोडंफार येतं, पण त्यासाठी किती वणवण करावी लागली आणि दुकानात काउंटरवर नेमकं काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. पत्र लांबलं तर कापा, पण टेस्ट फायरिंगचा मुद्दा तेवढा ठेवा.

आमचा डिचोली तालुक्यात पेट्रोल पंप आहे. नेमकी जागा लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. खाणी जोरात होत्या तेव्हा पहाटे चारपासून ट्रकांची रांग लागायची आणि सगळं डिझेल रोखीत. रात्री हिशेब करून कॅश घरी न्यायची, सकाळी बँक उघडली की भरायची, मधले दहा-बारा तास ती कॅश आणि आमची माणसं देवाच्या हवाली. म्हणून मिस्टरांनी २००६ साली लायसन्स काढलं आणि ओळखीच्या एका लायसन्सवाल्याकडून जुनं युरोपियन बनावटीचं बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) पिस्तूल रीतसर नावावर करून घेतलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, पंपाचा धंदा अर्ध्यावर आला, आता निम्मे लोक मोबाईलने पैसे देतात, तरी रात्रीची कॅश काही संपलेली नाही. पिस्तूल मात्र कपाटातच राहिलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, खोबरेल तेलाचा हात फिरायचा आणि परत कापडात गुंडाळून आत. मिस्टरांनी त्यातून एकही गोळी झाडली नाही. तेव्हा मी म्हणायचे, बरंच आहे की. आता कळतं, की एवढी वर्षं आम्ही ज्या वस्तूच्या भरवशावर झोपत होतो ती चालते का नाही हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मिस्टर तीन वर्षांमागे गेले. लायसन्सवाला वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस स्टेशनात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करायचं आणि वारसाने आपल्या नावावर लायसन्ससाठी अर्ज करायचा. मी केला. मुलगा पुण्याला नोकरीत, पंप मीच बघते, रात्री कॅश घेऊन मीच निघते, मग अर्ज दुसरं कोण करणार. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, हत्यार सुरक्षित कसं ठेवणार त्याची हमी द्यावी लागते, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, आणि हे सगळं मला योग्यच वाटतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. या सगळ्यात दीड वर्ष गेलं. पिस्तूल परत मिळालं तेव्हा स्लाईडवर, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, तांबूस गंजाचे ठिपके होते आणि ज्या चामड्याच्या पाकिटातून ते जमा केलं होतं त्याच पाकिटात दोन पावसाळे तसंच पडून होतं. आपल्याकडच्या हवेत चामडं ओल धरून ठेवतं. नेमकं कुठे ठेवलं होतं ते लिहून कुणाला दोष द्यायचा नाहीये.

माझा भाऊ आर्मीतून सुभेदार होऊन रिटायर झालाय. तो म्हणाला, आधी हे चालवून बघ, मग भरवसा ठेव. बोलायला सोपं. सामान्य लायसन्सवाल्याला इथे कुठे चालवून बघता येईल ते चार ठिकाणी विचारलं, कुणाला सांगता येईना. शेवटी गोव्याबाहेरच्या एका रायफल क्लबच्या रेंजवर ठरलं, हत्यार राज्याबाहेर न्यायचं तर त्याची परवानगी वेगळी, ती काढली, आणि भावाला बरोबर घेऊन गेले.

तिथे जे झालं ते जसंच्या तसं सांगते. मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, सात गोळ्या भरल्या. पहिल्या दोन सुटल्या. तिसऱ्याला चाप ओढला, घोडा पडला, आणि नुसता टक असा आवाज. मी पिस्तूल वळवून बघायला जाणार तेवढ्यात इन्स्ट्रक्टर ओरडला, हलवू नका, समोरच धरा, मनात तीस मोजा. कारण कधीकधी दारू उशिरा पेटते आणि गोळी नंतर सुटते. मोजले. मग त्याने स्लाईड ओढून ते काडतूस काढून दाखवलं, बुडाच्या टोपीवर नीट खड्डा पडायला हवा तिथे सुईने टोचल्यासारखी नुसती खूण. चौथी गोळी सुटली आणि रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी स्लाईडच्या तोंडात उभी अडकली, धुराडं उभं असावं तशी. पाचवी, सहावी सुटल्या. सातवी परत टक. तोवर माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या चामडीवर दोन लाल रेघा उमटल्या होत्या, स्लाईड मागे येताना कापत होती आणि मला त्या वेळी कळलंही नव्हतं.

सातपैकी तीन वेळा अडलं. रात्री अकरा वाजता पंपाच्या मागच्या वाटेवर कॅशची पिशवी खांद्याला असताना हे झालं असतं तर, हा विचार परतीच्या सबंध वाटेत डोक्यातून गेला नाही.

नंतर बंदुकीच्या कारागिराने ते सगळं खोललं. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई, ज्या भोकातून पुढे जाते तिथे खोबरेल तेलाचा खरवडून काढावा लागेल असा राप बसलेला. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांचं तेल. खोबरेल तेल थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकट होतं, पिन जोरात पुढे जाऊच शकत नाही. म्हणून टक. आणि मॅगझीनची स्प्रिंग मेलेली, कायम भरून ठेवल्याचं म्हणा, गंजाचं म्हणा, वरची गोळी वेळेवर वर येतच नव्हती. काडतुसंही तेवढीच जुनी, चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेली, पितळेवर हिरवं धरलेलं. पिन साफ झाली, काडतुसं नवी घेतली, पण मॅगझीन मिळेना. परदेशी पिस्तुलांची सामान्य माणसासाठीची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे, नामवंत नेमबाजांना तेवढी सूट, त्यामुळे आपल्या देशात जी जुनी ब्राउनिंग, वॉल्थर वगैरे आहेत ती या लायसन्सवरून त्या लायसन्सवर फिरत राहतात आणि किंमत मात्र लाखांत. लोक नाव बघून पैसे मोजतात. मी सांगते, नाव नंतर बघा, मॅगझीन आधी बघा. त्याची वरची दोन ओठं वाकलेली आहेत का, स्प्रिंग दाबून सोडली की झटकन वर येते का, दुसरं मॅगझीन मिळतं का. पिस्तूल अडकतं ते बहुतेक वेळा मॅगझीनमुळे, हे मला भाऊ, इन्स्ट्रक्टर आणि कारागीर तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

मग ठरवलं, जुनं डीलरला देऊन त्याच लायसन्सवर नवीन घ्यायचं. परवानगी काढली. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी. लगेच म्हणाला, मग वहिनी हे छोटंच बरं, पर्समध्ये मावतं, बायका हेच नेतात. मी पिस्तूल हातात घेतलं, रिकामं आहे ते बघून घेतलं, आणि स्लाईड मागे ओढायला गेले. अर्धी आली आणि थांबली. परत ओढली, अर्धीच. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला दुखणं आहे, पावसाळ्यात जास्तच. दुकानदार म्हणाला, वापरून वापरून सैल होईल. माझ्या भावाने ते माझ्या हातातून घेऊन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हें तुज्या हातांत बसना, बाय."

ते का ओढता येत नव्हतं ते त्याने वाटेत गाडीत समजावलं आणि हे प्रत्येक घेणाऱ्याला माहीत हवं. छोटी बत्तीस बोअरची पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक असतात, म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाईड यांना एकमेकांत अडकवून धरणारं कुलूप त्यात नसतं, स्लाईडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच ते दाबून धरलेलं असतं. स्लाईड छोटी तर वजन कमी, मग स्प्रिंग तेवढीच कडक ठेवावी लागते. भाऊ सर्व्हिसमध्ये जे नऊ एमएमचं पिस्तूल वापरायचा, ब्राउनिंग हाय पॉवरवरून आपल्याकडे बनवलेलं, १३ गोळ्यांचं मॅगझीनवालं, त्यात नळी आणि स्लाईड थोडं अंतर बरोबर मागे येतात आणि मग सुटतात, म्हणून त्याला एवढी कडक स्प्रिंग लागत नाही. ते आकाराने मोठं, जड, तरी ओढायला सोपं. नऊ एमएम आपल्याला लायसन्सवर मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे. पण मुद्दा तोच, की लहान पिस्तूल म्हणजे बायकांना सोपं हे साफ चुकीचं आहे. लहान पिस्तूल ओढायला कडक, मुठीला दोनच बोटं पुरतात, करंगळी हवेत राहते, धक्का जास्त लागतो आणि नळी आखूड म्हणून नेमही लवकर चुकतो. हे सांगणारा दुकानदार मला भेटला नाही.

ओढायची एक युक्ती इन्स्ट्रक्टरने दाखवली ती सांगून ठेवते. नुसत्या डाव्या हाताने स्लाईड मागे खेचत बसायचं नाही, पिस्तूल पोटाजवळ घ्यायचं, तोंड समोरच, डाव्या हाताने स्लाईड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. आणि ज्याला बाहेर घोडा आहे त्याचा घोडा आधी मागे करून घेतला तर स्लाईड बरीच हलकी जाते. पहिलं पिस्तूल तरीही माझ्याकडून पूर्ण आलं नाही. दुसऱ्या दुकानातलं थोडं मोठं होतं, ते आलं, घाम आला पण आलं.

दुसऱ्या दुकानात माणूस चांगला होता, शांतपणे हाताळू दिलं. मी डोळे मिटून हात समोर केला आणि डोळे उघडले, नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा मागच्या खाचेत बरोबर बसलेला. पहिल्या दुकानातलं याच पद्धतीने धरलं तेव्हा तोंड जमिनीकडे जात होतं. मूठ आपल्या हाताच्या मापाची आहे का ते कळायला हा साधा उपाय आहे, दुकानदाराला विचारून करायचा, आणि अर्थात पिस्तूल रिकामं आहे ते दोघांनी बघून मगच, भिंतीकडे तोंड करून. मी त्याला विचारलं, हे चालवून बघता येईल का. तो म्हणाला, मॅडम, मला आवडेल, पण कुठे चालवणार. मी म्हटलं, घेतल्यावर नाही चाललं तर. तो म्हणाला, घेतलं की तुमच्या लायसन्सवर चढलं, परत कसं घेणार, कंपनीकडे रिपेअरला पाठवू. त्याने खोटं काही सांगितलं नाही याबद्दल मी त्याला मानते.

तिसरं दुकान सोडून देते, तिथे हातातही दिलं नाही.

बऱ्याच जणांनी सांगितलं की रिव्हॉल्वर घ्या, त्यात अडकायचं काही नाही. २०१४ साली सरकारी कारखान्याने निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्वर खास बायकांसाठी म्हणून काढलं होतं, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, अर्ध्या किलोच्या आसपास वजन आणि सव्वा लाखाच्या आसपास किंमत. आता वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचंही रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं, कानपूरहून प्रबल नावाचं आलंय. रिव्हॉल्वरचं खरं आहे, एक गोळी नाही सुटली तर चाप परत ओढायचा, पुढची गोळी समोर येते, स्लाईड नाही, मॅगझीन नाही. पण नुसत्या चापाने झाडायचं तर तो चाप लांब आणि जड, माझ्या बोटाने ओढताना नळीचं टोक डावीकडे सरकतं. शिवाय सहाच गोळ्या आणि परत भरायला वेळ. वजन हलकं तेवढा धक्का हाताला जास्त, हेही आहे. ज्यांच्या हाताला रिव्हॉल्वर बसतं त्यांनी जरूर घ्यावं. माझ्या हाताला दुसऱ्या दुकानातलं पिस्तूल बसलं, पण ते चालतं का हे मला माहीत नाही, आणि माझं दुखणं हेच आहे.

एक गोष्ट मधेच सांगते कारण यात लोक फसलेले मी बघितलेत. पिस्तुलाचं बत्तीस आणि रिव्हॉल्वरचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं आखूड असतं, जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या कंपनीसाठी काढलेलं, युरोपात त्यालाच ७.६५ म्हणतात, म्हणून पोर्तुगीज काळातल्या जुन्या कागदांवर ७.६५ लिहिलेलं दिसतं ते हेच. रिव्हॉल्वरचं लांब. आपल्याकडे बिलावर दोन्हीला बत्तीसच लिहितात. काडतुसं घेताना डबा उघडून बघा. आणि पिस्तुलाच्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा अगदी थोडी बाहेर असते, त्यामुळे मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढेच बसायला हवी. मागे बसली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मग मॅगझीन हाताने रिकामं केल्याशिवाय सुटत नाही. मी आता एक एक गोळी भरताना बोटाने चाचपून बघते.

आता भरवशाचं बोलू. पिस्तुलावर प्रूफचा शिक्का असतो, दुकानदार तो दाखवून सांगतात की टेस्टेड आहे. त्या टेस्टमध्ये जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी फुटत नाही ना ते बघतात. त्याचा अर्थ हत्यार मजबूत आहे. ते पन्नास गोळ्या न अडकता झाडेल असा त्याचा अर्थ नाही, आणि आमच्यासारख्याला जे हवंय ते हे दुसरं आहे. इन्स्ट्रक्टर म्हणतो, नवीन पिस्तुलातून निदान पन्नास गोळ्या, तुम्ही जी काडतुसं ठेवणार तीच, तुमच्याच हातून, दोन्ही मॅगझीनमधून सुटल्याशिवाय त्याला घरात भरवशाचं म्हणू नका. मॅगझीनवर रंगाने १ आणि २ लिहायचं आणि कुठल्या गोळीला कुठल्या मॅगझीनमध्ये अडलं ते वहीत लिहायचं, म्हणजे दोष पिस्तुलाचा का मॅगझीनचा ते कळतं. आणि कधी दोष हाताचा असतो. मनगट सैल धरलं तर स्लाईडला मागे जायला पुरता आधार मिळत नाही, ती अर्धीच जाते आणि पुंगळी अडकते. माझं त्या दिवशीचं धुराडं काही अंशी माझ्या मनगटामुळेही असेल असं इन्स्ट्रक्टरने स्पष्ट सांगितलं, आणि नंतर मनगट ताठ ठेवून, साफ केलेल्या पिस्तुलातून, नव्या काडतुसांनी झाडलं तेव्हा पुंगळी अडकली नाही. म्हणजे बघा, एकच पिस्तूल माझ्या भावाच्या हातात चालेल आणि माझ्या हातात अडकेल. मग दुसऱ्या कुणी सांगितलेलं की हे भारी आहे, ते माझ्या काय कामाचं. ते माझ्याच हातात चालवून बघायला नको का.

ट्रेनिंगमध्ये होतं की, असं कुणी म्हणेल. ट्रेनिंगला मला पॉइंट २२ चं लांब नळीचं पिस्तूल दिलं होतं, नेमबाजीचं, धक्का जवळजवळ नाहीच, स्लाईड दोन बोटांनी येते. सर्टिफिकेट मिळालं. त्यात सुरक्षिततेचं जे शिकवलं ते लाखमोलाचं, पण त्या पिस्तुलाने मला बत्तीसच्या पिस्तुलाबद्दल काही सांगितलं नाही. पंधरा वर्षं अॅक्टिवा चालवलेल्या माणसाला एकदम ट्रकाचं स्टिअरिंग द्यावं तसं झालं.

शिवणयंत्र घ्यायला गेलं तर दुकानदार चिंधी देतो, टीप मारून बघा म्हणतो. काजूची बी घेणारा मूठभर बिया फोडून बघतो. लाखाच्या वर किंमत, वर जीएसटी, आणि जी वस्तू चुकली तर माझा नाहीतर रस्त्यावरच्या कुणा तिऱ्हाइताचा जीव जाऊ शकतो, ती मात्र काचेवरून बघून सही करून उचलायची.

माझी मागणी एवढीच आहे. गोव्यात सरकारच्या ताब्यात फायरिंगसाठी जागा आहेत, पोलिसांच्या आहेत. महिन्यातून एक दिवस, फार नको, एक शनिवार, ज्यांना लायसन्स मंजूर झालंय आणि अजून हत्यार घेतलेलं नाही अशांसाठी ठेवावा. डीलरने आपल्याकडची दोन-तीन पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर घेऊन यावं, पोलिसांचा आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा माणूस, हजर असावा, प्रत्येकाला प्रत्येक हत्यारातून मोजून दहा गोळ्या द्याव्यात, पुंगळ्या मोजून परत घ्याव्यात, नोंद रजिस्टरवर. काडतुसांचे पैसे आणि फी आम्ही देऊ. यासाठी नियमात कुठे काय बसवावं लागेल ते गृह खात्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण सुरक्षेचं कारण सांगून नाही म्हणू नये, कारण आज काय होतं ते बघा, ज्याने आयुष्यात ते पिस्तूल कधी चालवलेलं नाही असा माणूस ते आणि काडतुसांचा डबा पिशवीत घालून दुकानातून थेट घरी जातो. यात सुरक्षा कुठे आहे.

घरी काय होतं तेही सांगते. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही. अशा पिस्तुलात मॅगझीन काढल्यावरही एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते आणि बऱ्याच पिस्तुलांत ती तशीही सुटते. रिव्हॉल्वरचं चाक उघडलं की सहाही भोकं समोर दिसतात, इथे डोळ्याला काही दिसत नाही. आधी मॅगझीन, मग स्लाईड ओढून आत डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं, याच क्रमाने, उलट केलं तर नवी गोळी आत जाते. सुट्टीत नातवंडं येतात त्या घरात हे माहीत नसणं म्हणजे काय, ते मी आठवलं की अजून पोटात गोळा येतो. ज्या हाताला स्लाईड पूर्ण ओढता येत नाही त्या हाताला ते पिस्तूल रिकामंही करता येत नाही, म्हणून सुद्धा आधी हातात घेऊन बघणं गरजेचं.

निवडणुका आल्या की हत्यार जमा करा म्हणून नोटीस येते, २०२२ ला आली, २०२४ ला आली, तेव्हाही प्रत्येकाचं वेगळं तपासून ठरवावं, सरसकट नको, असं मुंबई हायकोर्टाने २००९ साली एका केसमध्ये म्हटलेलं आहे. जमा करायला माझी ना नाही. पण जमा करताना आणि परत घेताना निदान तेल लावून, कोरड्या कापडात, चामड्याच्या पाकिटाबाहेर ठेवावं एवढं तरी व्हावं, कारण परत आल्यावर ते चालतं का बघायला आम्हाला जागा नाही, परत फिरून तोच प्रश्न.

मी जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात या मागणीचा अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे. माझी हत्यार घ्यायची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तोवर काही उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दुकानातलं पिस्तूल न चालवताच मला नावावर करून घ्यावं लागेल आणि परत परवानगी काढून गोव्याबाहेरच्या त्याच रेंजवर ते आणि दोन मॅगझीन घेऊन जावं लागेल. वही घेऊन ठेवलीये, पहिल्या पानावर १ आणि २ असे दोन रकाने आखलेत.

आपली,
एक पंपचालक, डिचोली तालुका
(नाव आणि पत्ता तुमच्याकडे दिलाय, तो छापू नये)